वर्गात वेब पानं बनवताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या शाळेत सातवी ते नववीची मुलं गावच्या पाण्यावर वेब पानं बनवतात. आड, विहीर, बारव, ओढा, पाझर तलाव, बोअर, टँकर अशा एकेका गोष्टीचं एकेक पान, आणि पानापानांना जोडणारे दुवे. गाव दुष्काळी पट्ट्यातलं, त्यामुळे विषय शोधायला लांब जावं लागलं नाही. प्रशिक्षणात हे काम दाखवलं की पुढचे काही दिवस शिक्षकांचे फोन आणि निरोप येत राहतात. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. एका उत्तरातली गोष्ट दुसरीकडे आली असेल तिथे फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. हायपरमीडिया म्हणजे नेमकं काय? आम्ही पीपीटी आणि व्हिडिओ दाखवतो, ते हेच ना?

मराठी विश्वकोशात नोंदीच्या शेवटी ‘पहा :’ लिहून दुसऱ्या नोंदींची नावं दिलेली असतात. वाचक उठतो, दुसरा खंड काढतो, पान शोधतो. हायपरटेक्स्ट म्हणजे हाच ‘पहा’, पण मजकुरातल्या शब्दावरच बसवलेला आणि दाबताक्षणी उघडणारा. शब्दांच्या जोडीला चित्र, आवाज, नकाशा, चलचित्र आलं की तो हायपरमीडिया. टेड नेल्सन यांनी हे दोन्ही शब्द १९६५ साली मांडले, वेब येण्याच्या पंचवीस वर्षं आधी.

पीपीटीत एका स्लाइडमागून दुसरी येते आणि तो क्रम करणाऱ्यानं आधीच ठरवलेला असतो. व्हिडिओचंही तसंच. हायपरमीडियात वाट वाचणारा निवडतो. त्यासाठी लिहिणाऱ्याला आधी विचार करावा लागतो की या शब्दापासून कुठे कुठे जाता येईल. वर्गात मला हा विचारच हवा असतो.

२. तयार साहित्य इतकं उपलब्ध असताना मुलांनी पानं बनवायची कशाला?

एका मुलानं पाझर तलावाच्या पानावर लिहिलं, ‘हा तलाव १९७२ साली झाला.’ वाक्य बरोबर होतं, पण त्यातून कुठेच दुवा जात नव्हता. मी विचारलं, “१९७२लाच का झाला?” त्याला माहीत नव्हतं. घरी आजीला विचारून आला तेव्हा त्याच्या वहीत दोन पानं भरली होती. दुष्काळ, कामावर खडी फोडायला जाणं, तिथे खायला मिळणारी सुकडी, रेशनवर आलेली मिलो नावाची तांबडी ज्वारी. तलाव हा लोकांना काम देण्यासाठी खोदला होता, हे त्याला त्या दिवशी कळलं. मग ‘१९७२चा दुष्काळ’ हे नवं पान तयार झालं आणि तलावाच्या पानावरून तिकडे दुवा गेला.

दुवा देणं म्हणजे ‘या दोन गोष्टींचा संबंध आहे’ असं ठामपणे म्हणणं, आणि तो संबंध कोणता हे मुलाला सांगता आलं पाहिजे. तयार साहित्यात हे काम दुसऱ्या कुणीतरी करून ठेवलेलं असतं.

वेबची सुरुवातही अशीच झाली. टिम बर्नर्स-ली यांनी १९९० साली सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेत पहिला ब्राउझर लिहिला, त्यात पानं वाचता येत आणि लिहिताही येत. पुढे लोकांपर्यंत पोचलेल्या ब्राउझरांत फक्त वाचणं उरलं. त्याच्याही आधी, १९८७ साली ॲपलनं बिल अॅटकिन्सन यांचं हायपरकार्ड बाजारात आणलं होतं. एकमेकांना जोडलेली कार्डं बनवायचं ते साधन अनेक शिक्षकांनी आणि मुलांनी वापरलं. म्हणजे वर्गात दुवे बनवणं ही कल्पना वेबपेक्षा जुनी आहे.

३. कोणत्या इयत्तेपासून सुरुवात करावी?

संगणकावर सातवीपासून. कागदावर चौथीपासूनही जमतं. त्याची पद्धत प्रश्न ६ मध्ये आहे.

४. मला स्वतःला कोडिंग येत नाही. तरी जमेल का?

जमेल. मथळा, परिच्छेद, यादी, चित्र आणि दुवा एवढ्यासाठी एचटीएमएल या वेब पान लिहायच्या भाषेतले सात-आठ टॅग, म्हणजे कंसात लिहायच्या खुणा, लागतात. मी दोन रविवारांत शिकले. कुठलंही पान ब्राउझरमध्ये उघडून कंट्रोल आणि यू दाबलं की त्याच्या आतली रचना दिसते. आधी साधी पानं उघडून पाहा.

आठवड्याभरात दोन-तीन मुलं तुमच्या पुढे जातील. त्यांना जाऊ द्या, इतरांना शिकवायलाही सांगा. बाईंनी लक्ष द्यायचं ते मजकुरावर आणि दुव्यांवर, आणि त्यासाठी लागणारी तयारी आपल्याकडे आहेच.

५. किती तासिका लागतात? पोर्शन मागे पडणार नाही का?

आमच्याकडे एका सत्रात साधारण १४ तासिका लागतात : चार कागदावर, तीन गावात, पाच संगणकावर, दोन एकमेकांची पानं वाचायला. या तासिका संगणकाच्या तासातून काढू नका, पुरणार नाहीत. भूजल हा भूगोल आहे, मुलाखत घेणं आणि लिहिणं हे मराठी आहे, विहिरीची खोली आणि घेर मोजणं हे गणित आहे. त्या त्या विषयाच्या शिक्षकांशी जूनमध्येच बोलून घेतलं तर पोर्शन मागे पडत नाही. जानेवारीत ठरवलं तर नक्की पडतो.

६. मुलं थेट संगणकावर बसायला बघतात. आधी कागदावरचं काम खरंच लागतं का?

लागतंच. सगळ्यांत जास्त वेळ मी इथेच देते.

प्रत्येक गटाला पोस्टकार्डाएवढे पुठ्ठे द्यायचे. एका पुठ्ठ्यावर एकच गोष्ट आणि तिच्याबद्दल चार ओळी. मग पुठ्ठे भिंतीवर लावायचे आणि सुतळीनं एकमेकांना जोडायचे. नियम दोन. प्रत्येक पुठ्ठ्यातून किमान दोन सुतळ्या बाहेर गेल्या पाहिजेत आणि किमान एक आत आली पाहिजे. आणि प्रत्येक सुतळीवर चिठ्ठी हवी, ‘ही का जोडली?’ असं सांगणारी. ‘दोन्ही पाण्याबद्दल आहेत’ हे कारण मी मान्य करत नाही. सगळीच पाण्याबद्दल आहेत.

पहिल्या दिवशी भिंतीवर हमखास एक चित्र दिसतं : ‘विहीर’ मधोमध आणि तिच्यातून सगळ्या सुतळ्या बाहेर, चाकाच्या आऱ्यांसारख्या. आऱ्यांच्या टोकांना एकमेकांशी काही देणंघेणं नाही. खरं काम इथून सुरू होतं. मी फक्त दोन टोकांवर बोट ठेवते, ‘मोट’ आणि ‘बोअर’, आणि विचारते, “यांच्यात काही आहे का?” मुलं बोलायला लागतात. मोटेनं दिवसभरात किती पाणी निघायचं, इंजिन आल्यावर काय झालं, विहिरीचं पाणी खाली का गेलं, मग बोअर का पाडावी लागली. त्या दोन पुठ्ठ्यांमध्ये तीन नवे पुठ्ठे येतात आणि गावाच्या पन्नास वर्षांची गोष्ट भिंतीवर उभी राहते.

एकदा एका मुलीनं ‘मोट’ ‘गाणी’ला जोडली. मोट हाकताना आजोबा गाणी म्हणायचे, हे तिचं कारण. ती सुतळी कुणाच्याच आराखड्यात नव्हती आणि अजूनही सगळ्यात जास्त वाचली जाणारी पानं तीच दोन आहेत. भिंतीचा फोटो काढून ठेवा. संगणकावर बसल्यावर तोच नकाशा.

७. आमच्याकडे आठच संगणक चालू आहेत आणि मुलं चाळीस. कसं करायचं?

पाच-पाचचे आठ गट करा. एका वेळी एकच जण टाइप करतो, दुसरा त्याला मजकूर वाचून दाखवतो, तिसरा शुद्धलेखन बघतो, चौथा चित्र काढतो, पाचवा शेजारच्या गटाकडे जाऊन दुव्यांची नावं जुळवतो. दर पंधरा मिनिटांनी जागा बदलायच्या आणि त्यासाठी घड्याळ लावायचं. घड्याळ नसेल तर कीबोर्डपाशी कायम मुलगेच बसलेले दिसतात आणि मुली चित्रं काढत राहतात. हे मी पहिल्या वर्षी होऊ दिलं, त्याचं मला अजून वाईट वाटतं.

संगणक जुने असले तरी अडत नाही. विंडोज ७वर क्रोमची १०९ ही शेवटची आवृत्ती चालते, आणि मुलांच्या साध्या पानांना ती पुरेशी आहे.

८. शाळेत इंटरनेट नाही. मग वेब पान कसं होणार?

पान बनवायला आणि वाचायला इंटरनेट लागत नाही. एक फोल्डर करा, त्यात सगळी पानं आणि सगळे फोटो ठेवा. पानांमधले दुवे फोल्डरच्या आतल्या आतच जातील तर पेन ड्राइव्हवरून कुठल्याही संगणकावर सगळं चालतं. कक्षातले संगणक केबलनं जोडलेले असतील तर एकावर पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा टाकून त्यातला छोटा सर्व्हर, म्हणजे इतर संगणकांना पानं पुरवणारा प्रोग्राम, सुरू करता येतो. बाकीच्या संगणकांवर ती सगळी पानं ब्राउझरमधून उघडतात आणि मुलांना ते खऱ्या वेबसारखंच वाटतं.

संदर्भासाठी किविक्स हे मोफत साधन उपयोगी आहे. त्यात मराठी विकिपीडिया एकदा उतरवून घेतला की नेटशिवाय वाचता येतो.

९. नोटपॅडमध्ये हातानं लिहायचं की गूगल साइट्ससारखं तयार साधन वापरायचं?

आधी हातानं. दुव्यासाठीच्या ‘ए’ टॅगमध्ये मूल स्वतः फाईलचं नाव लिहितं तेव्हा दुवा म्हणजे काय हे त्याला हाताला कळतं. तयार साधनात तो एका बटणामागे जातो.

दुसरं कारण टिकण्याचं आहे. जगभरातल्या मुलांनी जिओसिटीज या सेवेवर आपली वेब पानं ठेवली होती, ती सेवा २००९ साली बंद झाली. थिंकक्वेस्ट या स्पर्धेसाठी मुलांनी बनवलेल्या पानांचं ग्रंथालय २०१३ साली गेलं. मोझिलानं काढलेलं थिंबल हे वेब पानं लिहायला शिकवणारं साधन २०१९ साली बंद झालं. फोल्डरमधल्या साध्या एचटीएमएल फाईली मात्र आजही उघडतात, कारण सर्ननं ३० एप्रिल १९९३ रोजी वेबचं तंत्र सगळ्यांसाठी खुलं केलं आणि तेव्हाची पानंही आजचा ब्राउझर दाखवतो.

तासिका अगदीच कमी असतील तर तयार साधन वापरा, पण मजकूर आणि फोटोंची वेगळी प्रत शाळेत ठेवा.

१०. पान सेव्ह केलं, पण उघडल्यावर नुसता कोड दिसतो. कधी मराठीच्या जागी प्रश्नचिन्हं येतात.

दोन वेगळे आजार आहेत.

नुसता कोड दिसत असेल तर फाईलच्या नावामागे नोटपॅडनं गुपचूप ‘टीएक्सटी’ जोडलं आहे. सेव्ह करताना खालच्या चौकटीत ‘ऑल फाइल्स’ निवडा.

प्रश्नचिन्हं येत असतील तर एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं फाईलमध्ये साठवायची पद्धत, चुकलं आहे. जुन्या विंडोजमधलं नोटपॅड आपणहून ‘एएनएसआय’ निवडतं आणि त्यात देवनागरी बसत नाही. सेव्ह करताना ‘यूटीएफ-८’ निवडा. प्रश्नचिन्हं एकदा पडली की मूळ अक्षरं परत येत नाहीत, पुन्हा टाइप करावं लागतं, म्हणून पहिल्या दोन ओळींनंतरच तपासा. टोप्या घातलेली परदेशी अक्षरं दिसत असतील तर काळजी नको. फाईल ठीक आहे, फक्त पानाच्या डोक्यात मेटा चारसेटची (meta charset), म्हणजे एन्कोडिंग कोणतं ते ब्राउझरला सांगणारी, ओळ राहिली आहे. ती घातली की मराठी दिसते.

११. जुन्या प्रश्नपत्रिकांमधला मराठी मजकूर चिकटवला की इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसतो.

तो मजकूर श्रीलिपी किंवा शिवाजीसारख्या जुन्या फॉन्टात आहे. त्यात आतून इंग्रजी अक्षरं असतात आणि फॉन्ट त्यांना मराठी रूप देतो. फॉन्ट गेला की रूप गेलं. युनिकोडमध्ये प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे, म्हणून तो मजकूर कुठेही मराठीच राहतो आणि शोधताही येतो. जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलणारे परिवर्तक मिळतात, पण बदलल्यावर जोडाक्षरं आणि रफार डोळ्यांनी वाचून तपासा. दोन पानांपेक्षा कमी मजकूर असेल तर मुलांकडून नव्यानं टाइप करून घेणं लवकर होतं.

१२. मराठी मजकूर संगणकावर काहीतरी परका दिसतो. ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे येतात.

पानाची भाषा सांगितलेली नसेल तर ब्राउझर आपल्या अंदाजानं चालतो. सुरुवातीच्या ‘एचटीएमएल’ टॅगमध्ये भाषा ‘एमआर’ (mr, म्हणजे मराठी) लिहा. ज्या फॉन्टांत मराठी वळणाची अक्षरं घडवलेली आहेत, ते मग आपला ल आणि आपला श दाखवतात. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेनं केलेला ‘मुक्त’ हा फॉन्ट मोफत आहे आणि वाचायला स्वच्छ आहे.

अक्षरांमधलं अंतर वाढवू नका, शिरोरेखा तुटते. ओळींमधलं अंतर मात्र इंग्रजीपेक्षा जास्त हवं, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या वेलांट्यांत अडकतात. दोन्ही कडा सरळ करण्याचा मोह टाळा, कारण लांब मराठी शब्दांमुळे मधे खिंडारं पडतात. आणि ‘दुसऱ्या’ लिहिताना खरा ऱ वापरा. इनस्क्रिप्ट या कीबोर्ड मांडणीत शिफ्ट धरून र दाबला की तो मिळतो.

१३. शाळेच्या संगणकावर फोटो दिसतात, नेटवर चढवल्यावर गायब होतात. असं का?

जवळजवळ नेहमी फाईलच्या नावामुळे. विंडोजला मोठ्या आणि छोट्या लिपीतलं इंग्रजी अक्षर एकच वाटतं, नेटवरच्या बहुतेक सर्व्हरना ती दोन वेगळी नावं वाटतात. आमचा नियम : फाईलचं नाव छोट्या इंग्रजी अक्षरांत, मधे जागा नाही, मराठी अक्षरं नाहीत. पानाच्या आत मात्र सगळं मराठी.

तरीही दिसत नसेल तर दुव्यात ‘सी ड्राइव्ह’चा पत्ता आला आहे का बघा. तो पत्ता फक्त त्या एका संगणकावर खरा असतो. आणि मोबाईलचा फोटो तसाच टाकू नका, तीन-चार एमबीचा असतो. रुंदी १,००० पिक्सेल केली की गावातल्या कमजोर नेटवरही पान उघडतं.

१४. संगणक कक्षच नाही. फक्त मोबाईलवर होईल का?

होईल, पण एक अडचण आहे. फोनच्या फाइल्स ॲपमधून पान उघडलं की क्रोमला ते एकच पान मिळतं, शेजारचे फोटो आणि दुसरी पानं मिळत नाहीत. मुलांना वाटतं आपलं चुकलं. अँड्रॉइडवर अॅकोड हे ॲप वापरा. ते पान दाखवताना फोनमध्येच छोटा सर्व्हर चालवतं, त्यामुळे दुवे चालतात.

दुसरी युक्ती मला जास्त आवडते : गावाची सगळी पानं एकाच फाईलमध्ये लिहायची. प्रत्येक भागाला ‘आयडी’ (म्हणजे ओळखीचं नाव) द्यायचा आणि दुवे त्याच पानात वर-खाली न्यायचे. अशी एक फाईल व्हॉट्सॲपवर कागदपत्र म्हणून पाठवली तरी पालकांच्या फोनवर सगळे दुवे चालतात.

१५. मुलं विकिपीडियावरून उतरवतात, आता एआयकडून लिहून आणतात. थांबवायचं कसं?

विषयच असा द्या की उत्तर नेटवर सापडणार नाही. ‘विहिरींचे प्रकार’ दिलं तर उतरवून आणतीलच. ‘देवळामागच्या आडाची खोली किती, आणि तुझ्या आजीच्या लहानपणी दोर किती लागायचा?’ याचं उत्तर कुठल्याही यंत्राकडे नाही. मुलांना दोराला दगड बांधून मोजावंच लागतं. (कठड्याबाहेर वाकायचं नाही, मोठं माणूस सोबत हवंच.)

माझ्या नियमानुसार प्रत्येक पानावर मोजलेली, ऐकलेली किंवा पाहिलेली एक तरी गोष्ट हवी आणि ती कुणाकडून, केव्हा मिळाली तेही हवं. बाकी माहिती विकिपीडियावरून वाचली तर हरकत नाही, फक्त स्वतःच्या शब्दांत लिहायची आणि तिकडे दुवा द्यायचा.

१६. गूगलवर मिळालेले फोटो आणि कविता पानावर टाकता येतात का?

वर्गात शिकवताना वापरायला १९५७चा कॉपीराइट कायदा शिक्षक आणि विद्यार्थ्यांना मुभा देतो. तेच पान नेटवर सगळ्यांसाठी ठेवलं की गोष्ट बदलते, तिथे या मुभेवर विसंबू नका. लेखकाच्या निधनानंतर पुढची ६० वर्षं हक्क राहतो. बालकवी १९१८ साली गेले, त्यांच्या कविता खुल्या आहेत. कुसुमाग्रज १९९९ साली गेले, त्यांच्या कवितांवर २०५९ अखेरपर्यंत हक्क आहे. त्यांच्या दोन ओळी द्या आणि पाठ्यपुस्तकाचं पान सांगा.

फोटो विकिमीडिया कॉमन्सवरून घ्या आणि तिथे सांगितलं असेल तसं छायाचित्रकाराचं नाव द्या. खरं तर पाण्यावरच्या आमच्या पानांत बाहेरचे फोटो जेमतेम पाच आहेत. रहाटाचं मुलांनी काढलेलं चित्र, त्यातल्या भागांना दिलेली नावं आणि प्रत्येक नावावर दुवा, हे कुठल्याही फोटोपेक्षा जास्त सांगतं.

१७. मुलांची नावं आणि फोटो पानावर द्यावेत का?

शाळेतल्या शाळेत फिरणाऱ्या फोल्डरमध्ये द्या. नेटवर जाणार असेल तर फक्त पहिलं नाव, आणि चेहरा असलेला फोटो नाही. आपल्याकडे आडनावावरून जात आणि गावावरून घर ओळखता येतं, म्हणून दोन्ही एकत्र नकोतच. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील प्रत्येक जण बालक आहे आणि त्याची माहिती वापरायला पालकांची संमती लागते. आम्ही जूनच्या पालक सभेत पान दाखवून सही घेतो. नुसता फॉर्म घरी पाठवत नाही.

फोनच्या फोटोत काढलेल्या ठिकाणाचे अक्षांश-रेखांशही दडलेले असू शकतात. फोटो चढवण्याआधी ती माहिती काढून टाका.

१८. वर्गात एक अंध विद्यार्थिनी आहे. तिला यात घेता येईल का?

तिच्यामुळे सगळ्यांची पानं सुधारतील. एनव्हीडीए हे पडदावाचक, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारं साधन, मोफत आहे आणि मराठी वाचतं. तिला शेजारी बसवून पान ऐकायचं. ‘इथे क्लिक करा’ असे सहा दुवे असतील तर तिला सहा वेळा तेच ऐकू येतं, कुठे जायचं ते कळत नाही. दुव्याचे शब्दच ‘आडाची खोली कशी मोजली’ असे हवेत. चित्राच्या वर्णनात नुसतं ‘विहीर’ लिहून भागत नाही, ‘दगडी पायऱ्यांची चौकोनी विहीर, पाणी अगदी तळाला’ असं हवं. आमच्या मुलांचं वर्णनलेखन निबंधाच्या वहीत जितकं सुधारलं नाही तितकं या एका ओळीमुळे सुधारलं. आणि ती स्वतः आवाजाची संपादक होऊ शकते : मुलाखती ऐकून कुठला तुकडा ठेवायचा हे तिनं ठरवावं.

१९. गुण कसे द्यायचे?

आठवीपर्यंत आकारिक मूल्यमापनात प्रकल्प म्हणून धरता येतं. रंग आणि हलती चित्रं यांना मी गुण देत नाही. कुठल्याही तीन दुव्यांवर बोट ठेवते आणि मुलाला विचारते, “हा का दिला?” तोंडी दिलेल्या उत्तराला निम्मे गुण. उरलेले प्रत्यक्ष मिळवलेल्या माहितीला (प्रश्न १५) आणि मजकुराला. दुसऱ्या गटानं आपल्या पानावर आपणहून दुवा दिला असेल तर एक गुण जास्त.

२०. दुव्यांमुळे मुलं भरकटतात, मूळ विषय राहून जातो. काय करावं?

बाहेरच्या नेटवर वाचायला सोडलं तर भरकटतातच. त्यासाठी सॅन डिएगो स्टेट विद्यापीठाच्या बर्नी डॉज यांनी १९९५ साली वेबक्वेस्टची पद्धत मांडली : शिक्षकानं एक खरं काम द्यायचं आणि त्याला लागणारे मोजके दुवे आधीच निवडून द्यायचे. चाळीस मिनिटांच्या तासिकेला चार-पाच दुवे पुरतात. स्वतःच्या पानांत मात्र एका परिच्छेदात तीनपेक्षा जास्त दुवे मी ठेवू देत नाही.

२१. मुलांनी आजी-आजोबांचं बोलणं जसंच्या तसं लिहिलं आहे. शुद्ध करावं का?

करू नका. “हिरीला तवा लय पानी हुतं” हे वाक्य “विहिरीला तेव्हा भरपूर पाणी होतं” असं केलं की आजी त्यातून निघून जाते. बोलणं अवतरणचिन्हांत जसंच्या तसं, मुलांचं स्पष्टीकरण प्रमाण मराठीत. बाहेरच्या वाचकाला अडेल अशा शब्दावर दुवा द्या. आमच्याकडे यातूनच शब्दांचं एक वेगळं पान झालं : नाडा, पोहरा, थारोळं, धाव. मोटेबरोबर हे शब्दही बोलण्यातून गेले आहेत, मुलांना ते आजोबांकडूनच मिळाले.

२२. मुलाखतीत जातीचा विषय निघाला. ‘त्या विहिरीवर आम्हाला पाणी भरू देत नव्हते’ असं आजोबांनी सांगितलं. पानावर ठेवायचं का?

ठेवायचं. गावच्या पाण्याची गोष्ट लिहायची आणि हे गाळायचं, तर बाकीची गोष्ट खोटी होते. पण घाईनं नाही. आधी त्या आजोबांना लिहिलेलं वाचून दाखवा आणि त्यांची परवानगी घ्या. नाव द्यायचं की नाही, तेही त्यांनीच ठरवायचं. आज हयात असलेल्या कुटुंबांची नावं लिहू नका. मुख्याध्यापकांना आधी कल्पना द्या.

मग दुवे. महात्मा फुल्यांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी महाडला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. पाठ्यपुस्तकात ही वाक्यं मुलांनी वाचलेली असतात, पण आपल्या गावच्या विहिरीच्या पानावरून तिथे दुवा जातो तेव्हा वर्ग गप्प होतो. त्या शांततेनंतर बोलायला वेळ ठेवा. ती तासिका घंटेआधीची शेवटची नसावी.

२३. शाळा सोडून गेलेली मुलगी म्हणते, माझं पान काढून टाका. पण त्यावर इतरांचे दुवे आहेत.

त्याच दिवशी काढा, कारण विचारू नका. लहानपणी दिलेली संमती आयुष्यभराची नसते. पालकांनी सही केली होती हे उत्तर होत नाही.

दुव्यांचं काम नंतर. आमच्याकडे हे ‘बारव’च्या पानाबाबत झालं. अकरा पानांवरून तिथे दुवे येत होते आणि सगळे तुटले. आम्ही त्याच नावाची रिकामी फाईल ठेवली आणि तिच्यात एकच ओळ लिहिली : ‘हे पान सध्या नाही. बारवेबद्दल पायऱ्या आणि शिलालेख या पानांवर वाचा.’ पुढच्या जूनमध्ये आठवीचा नवा गट दोर आणि टेप घेऊन बारवेवर गेला. पायऱ्या त्यांनी पुन्हा मोजल्या आणि गाळाखालची, आधी कुणाला न दिसलेली एक पायरी त्यांना सापडली. आता त्या फाईलमध्ये त्यांचं पान आहे आणि जुने अकराही दुवे तिथेच जातात.